वैनगंगेचे ‘अतिरिक्त’ पाणी आणि धानाची बांधी

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्र मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पास मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून १,७७२ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ६२.५७ टीएमसी पाणी उचलायचे, ते सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्याने नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत न्यायचे आणि ३ लाख ७१ हजार हेक्टर जमीन ओलिताखाली आणायची, अशी ही योजना. खर्चाचा अंदाज ८७ हजार कोटी रुपयांहून अधिक. योजनेच्या समर्थनार्थ जे बोलले आणि लिहिले जाते, त्याचा सारा डोलारा एका शब्दावर उभा आहे. तो शब्द म्हणजे ‘अतिरिक्त’. वैनगंगेच्या खोऱ्यात पाणी अतिरिक्त आहे, ते दरवर्षी वाहून जाते, वाया जाते. मग ज्यांच्याकडे नाही त्यांना ते का देऊ नये, असा हा युक्तिवाद आहे.

युक्तिवाद ऐकायला न्याय्य वाटतो, आणि समतेची भाषा बोलणाऱ्यांना तर तो विशेषच पटण्याजोगा आहे. परंतु ‘अतिरिक्त’ ही काही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. ती एका वजाबाकीची बाकी आहे. खोऱ्यात उपलब्ध पाणी किती, त्यातून खोऱ्याची गरज किती, आणि उरले किती, अशी ही वजाबाकी. तीतील पहिला आकडा कसा काढला आणि दुसरा कोणाला विचारून काढला, हे पाहिल्याखेरीज तिसऱ्या आकड्यावर ८७ हजार कोटी रुपये लावणे म्हणजे सातबारा न पाहता जमीन विकत घेण्यासारखे आहे.

वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून महाराष्ट्रात उतरते, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे ओलांडते, आणि वर्धा नदीला मिळून प्राणहिता होऊन गोदावरीकडे जाते. बाघ, बावनथडी, कन्हान, चुलबंद, गाढवी, खोब्रागडी, कठाणी या तिच्या उपनद्या. कोकण सोडले तर महाराष्ट्रातील भाताचा मुख्य प्रदेश हाच. येथे त्याला भात म्हणत नाहीत, धान म्हणतात. या खोऱ्यात तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा इथल्या शेतकऱ्याला पाण्याची वाण कशी असेल, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित माणसाला पडतो. मंत्रालयातही तो पडत असावा.

धानाचे गणित मात्र वर्षाच्या बेरजेवर चालत नाही. पऱ्हे टाकण्यापासून कापणीपर्यंत या पिकाला साधारण बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. त्यात चिखलणी आणि रोवणीलाच दोनशे मिलिमीटर खर्ची पडतात. पुढे बांधीत पाणी उभे ठेवायचे, तर पिकाचे बाष्पोत्सर्जन आणि जमिनीत होणारा झिरपा मिळून दिवसाला सात-आठ मिलिमीटर जातात. मोरांड जमीन असेल तर झिरपा कमी. खरडी-बर्डी असेल तर तोच तिप्पट-चौपट. म्हणजे पावसाने केवळ पंधरा दिवसांची दडी मारली तर शंभर-सव्वाशे मिलिमीटरची तूट पडते, बांधी कोरडी होते आणि जमिनीला भेगा पडतात. एकदा भेगा पडल्या की नंतर दिलेले पाणी प्रथम भेगांतूनच खाली जाते.

ही दडी कधी बसते याला महत्त्व आहे. जुलैत बसली तर रोवणी खोळंबते, पऱ्हे वयात जातात, आणि रोवणीच्या मजुरीवर वर्षाची बेगमी करणाऱ्या भूमिहीन स्त्रियांचे काम बुडते. याची नोंद कोणत्याही सिंचन अहवालात होत नाही. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बसली तर संकट अधिक गहिरे. हलका धान तोवर बहुधा निभावतो. पण मध्यम व भारी धान त्या वेळी पोटरीत असतो किंवा निसवत असतो. त्या एका पाण्यावाचून दाणा भरत नाही, लोंब्या पोचट निघतात. जूनपासून पडलेला हजार मिलिमीटर पाऊस, बियाणे, खत, सोसायटीचे कर्ज, घरच्या चार माणसांचे चार महिन्यांचे श्रम हे सारे त्या पंचाहत्तर मिलिमीटरवर येऊन टेकलेले असते. पावसाळ्याची सरासरी त्या वर्षीही ‘समाधानकारक’ म्हणूनच नोंदली जाते.

आता सरकारी मोजणीची रीत पाहावी. धरणाच्या जागी नदीतून वर्षाला किती पाणी वाहते याची बऱ्याच वर्षांची मालिका घेतात, ती उतरत्या क्रमाने मांडतात, आणि शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे जेवढे पाणी हमखास मिळेल तो आकडा ‘७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा’ म्हणून धरतात. राज्याराज्यांत पाण्याची वाटणी करण्यासाठी ही रीत सोयीची आहे. लवाद यापेक्षा बारीक जाऊ शकत नाहीत. पण वाटणीसाठी बनवलेले माप पिकाच्या पुरवठ्यासाठी वापरले की त्याच्या दोन मर्यादा उघड्या पडतात. पहिली, हे माप वर्षाचे आहे, पंधरवड्याचे नाही. ऑगस्टच्या पुरात वाहून गेलेले पाणी आणि ऑक्टोबरच्या कालव्यातले पाणी यात ते भेद करत नाही. दुसरी, चारांतले एक वर्ष ते आधीच सोडून देते. दहा एकरांचा बागायतदार चौथे वर्ष मागच्या तीन वर्षांच्या शिलकीवर काढतो. दोन एकरांच्या कोरडवाहू धानवाल्याजवळ शिल्लक नसते. चौथे वर्ष तो सावकाराकडे काढतो आणि त्याचे व्याज पुढच्या तीन वर्षांत फेडतो. एकच टक्केवारी दोघांसाठी दोन वेगळ्या गोष्टी असतात, ही साधी वर्गीय बाब जलविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात नसते. तिथे ती असावी अशी अपेक्षाही नाही. पण पाणी वाटणाऱ्या शासनाच्या धोरणात ती असायला हवी.

गोसीखुर्दचेच आकडे घेऊन हिशोब करता येईल. या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. १९८३ च्या अंदाजात खर्च होता ३७२ कोटी रुपये. पुढे तो सुधारत सुधारत १८ हजार ४९४ कोटींवर गेला. २००८ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. उद्दिष्ट २ लाख ५० हजार ८०० हेक्टर सिंचनाचे. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७४० दशलक्ष घनमीटर. पाऊसकाळ चालू असताना धरण रिकामे होते आणि पुन्हा भरते, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या पुरवठ्याला हा आकडा लावणे अन्यायाचे होईल. परंतु पाऊस परतला की हाती उरतो तो एवढाच साठा. तो अडीच लाख हेक्टरांवर पसरला तर हेक्टरी सुमारे २,९५० घनमीटर, म्हणजे २९५ मिलिमीटर होतात. हे झाले धरणाच्या तोंडाशी. मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका आणि शेतचारी असा प्रवास करून शेतात पोचेपर्यंत निम्मे पाणी गळते असे धरले, आणि हा अंदाज उदार आहे, तर बांधीत पडतात १४७ मिलिमीटर. पंचाहत्तर मिलिमीटरच्या दोन पाळ्या. त्यातून अजून बाष्पीभवन वजा करायचे आहे, पिण्याचे पाणी वजा करायचे आहे, मौद्याच्या औष्णिक वीज केंद्राचा वाटाही वजा करायचा आहे.

थोडक्यात, प्रकल्पाच्या स्वतःच्या लाभक्षेत्राला ऑक्टोबरात दोन पाळ्या पुऱ्या करतानाच या धरणाची दमछाक व्हावी. आणि याच धरणातून त्याच्या उपयुक्त साठ्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे १,७७२ दशलक्ष घनमीटर पाणी, दुसरीकडे न्यायचे आहे. यावर अभियंत्यांचे उत्तर असे की, न्यायचे आहे ते पुराचे पाणी. दरवाजे उघडून सोडावेच लागते ते. ऑगस्टपुरते हे उत्तर खरे आहे. पण एवढे पाणी ऑगस्टच्या मोजक्या पूरदिवसांत उचलायचे तर कालवा प्रचंड क्षमतेचा हवा, आणि तो उरलेले दिवस कोरडा ठेवावा लागेल. ८७ हजार कोटींचा कालवा कोरडा ठेवण्याचे धैर्य कोणत्या सरकारात असेल? सप्टेंबरअखेर पाऊस थांबला, इकडे धानाला पाणी हवे आहे आणि तिकडे जोडकालव्यालाही हवे आहे, अशा दिवशी दरवाजा कोणत्या बाजूने उघडायचा याचा नियम आज कोठे लिहून ठेवला आहे? तो नियम लोकांसमोर आलेला नाही, आणि तो येईपर्यंत ‘फक्त पुराचे पाणी’ हे आश्वासन म्हणजे केवळ सदिच्छा आहे.

खोऱ्यात पाण्याची मोजणी करण्याची आणखी एक रीत होती. ती कागदावर कमी आणि तळ्याच्या पाळीवर अधिक चालत असे. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी असे धोरण होते असे सांगितले जाते. कोहळी समाजाने या कामात नाव मिळवले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात गेले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत, आणि शेताशेतांतल्या लहान बोड्या तर त्याहून कितीतरी जास्त. पाऊस सरता सरता तलावात पाणी किती आहे हे गाव डोळ्यांनी पाहत असे, आणि त्या साठ्यात कोणत्या बांध्या निघतील हे पंच ठरवत. पाणी फिरवायला पाणकर असे. त्याचे मानधन धानातून निघे. पाण्याचे हक्क वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रकात नोंदलेले असत. साठा कमी असेल तर कोणाला किती कमी, हेही त्याच बैठकीत ठरे. पुरवठ्याचे मूल्यमापन आणि वाटप ही दोन कामे तिथे वेगळी नव्हती.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तलावाची माती ज्यांनी डोक्यावरून वाहिली त्यांतल्या अनेकांच्या नावावर तलावाखालची एक बांधीही नव्हती. बेगार होती, जातीची उतरंड होती, आणि पंच म्हणजे बहुधा मालगुजाराचीच माणसे असत. मध्य प्रदेश सरकारने १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट केली, १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले, हे योग्यच झाले. चूक पुढे झाली. मालक गेला, पण मालकाने अंगावर घेतलेली देखभाल कोणी अंगावर घेतली नाही. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, शंभर हेक्टरांपर्यंतचे जिल्हा परिषदेकडे, मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने, पाणलोटाची जमीन महसूल वा वन खात्याकडे, अशी एका तलावाची चार खाती झाली. पाणीपट्टी आली आणि तिच्याबरोबर निस्तार हक्काचा वाद आला. शेतकरी म्हणे पाणी पूर्वापार हक्काचे आहे, खाते म्हणे दर भरा. या वादात गाळ काढायचे राहिले. तलावात बेशरम माजली, पाणलोटात अतिक्रमणे झाली, आणि पाणकर हा शब्द तेवढा जुन्या माणसांच्या बोलण्यात उरला. मालगुजारी काढून टाकणाऱ्या लोकशाहीने तलाव गावसभेच्या हाती द्यायला हवा होता. तिने तो कार्यालयाच्या हाती दिला. भूमिसुधारणेच्या चळवळीत असलेल्यांनीही त्या काळी जमिनीकडे जेवढे लक्ष दिले तेवढे पाण्याकडे दिले नाही, हे मान्य करावे लागेल.

याच तलावांमुळे एक विचित्र गोष्ट घडते. सिंचनाच्या टक्केवारीच्या तक्त्यात भंडारा-गोंदिया हे जिल्हे राज्यात बरेच वर दिसतात. तलावाचे एक पाणी मिळालेली धानाची बांधी आणि बाराही महिने कालव्यावर पोसलेला उसाचा मळा, दोन्ही तक्त्यात एकेक हेक्टर ‘ओलित’ म्हणून बसतात. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने अनुशेष मोजताना सिंचनाची क्षेत्रे रब्बी ज्वारीच्या समतुल्य हेक्टरांत बदलून घेतली, ती अशाच विसंगतीवर उपाय म्हणून. समान मापाचा आग्रह म्हणून ते पाऊल महत्त्वाचे होते. पण समतुल्यतेतूनही किती पाणी मिळाले एवढेच कळते. वेळेवर मिळाले की नाही हे कळत नाही. धानाला तर वेळच सर्वस्व आहे.

खोऱ्याच्या आतली विषमताही झाकून ठेवण्याचे कारण नाही. कालव्याच्या हेडला असलेला शेतकरी ऑक्टोबरची पाळी पोटभर घेतो आणि जानेवारीत उन्हाळी धान लावतो. उन्हाळी धानाला पावसाचा आधार नाही. बाराशे मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाणी सर्वच्या सर्व साठ्यातून किंवा जमिनीखालून उपसून द्यावे लागते. खरिपात दोन पाळ्यांनी एक हेक्टर वाचत असेल, तर उन्हाळी धानाच्या एका हेक्टराच्या पाण्यात खरिपाचे आठ हेक्टर वाचले असते. ऑक्टोबरात टेलच्या गावांना ‘साठा जपायचा आहे’ म्हणून पाणी नाकारायचे, आणि जपलेला तोच साठा उन्हाळ्यात हेडच्या गावांना द्यायचा, असे जिथे होते तिथे टंचाई पावसाने निर्माण केलेली नसते. टेलचा शेतकरी बहुधा लहान असतो, त्याची जमीन हलकी असते, आणि पाणीवापर संस्थेच्या बैठकीत तो मागच्या रांगेत बसतो. उन्हाळी धान अजिबात नको असे कोणी म्हणणार नाही. हमीभावाने विकले जाणारे तेवढे एकच पीक हाताशी असलेल्याला तो मोह पडणारच. क्रम मात्र ठरला पाहिजे: आधी सर्वांचा खरीप, मग उरलेल्यातून उन्हाळी.

पाण्याच्या प्रतीचा उल्लेखही येथे करावा लागतो. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तेथून वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात येते. टीएमसीच्या आकड्यात ते पाणीही शुद्ध पाण्याच्याच भावाने मोजले जाते.

आता मूळ आक्षेपाकडे वळावे. अकोला-बुलढाण्याच्या कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी देऊ नये, असे धानवाल्यांचे म्हणणे आहे काय? तसे म्हणणारा माणूस समाजवादी असू शकत नाही. ज्या भागात कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या दोन दशकांहून अधिक काळ चालू आहेत, त्या भागाच्या तोंडावर खोऱ्याचा दरवाजा बंद करणे हा प्रादेशिक स्वार्थ ठरेल. वऱ्हाडचा शेतकरी आणि झाडीपट्टीचा शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करून त्यांच्या भांडणात कंत्राटदाराने मध्ये कालवा खणावा, हे महाराष्ट्राने अन्यत्र पुरेसे पाहिले आहे. पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे हितही याच वजाबाकीवर अवलंबून आहे. उद्या चौथे वर्ष आले, साठा भरला नाही आणि ‘अतिरिक्त’ पाणी कागदावरच राहिले, तर ४२६ किलोमीटर लांबीच्या कालव्याच्या अगदी टोकाला तोच बसलेला असेल. आज गोसीखुर्दच्या टेलवर जो आहे त्याचे दुखणे तेव्हा त्याच्या वाट्याला, कितीतरी मोठ्या प्रमाणात, येईल. कोनशिलेला साडेतीन दशके उलटून गेल्यावरही ज्या प्रकल्पाच्या स्वतःच्या लाभक्षेत्राचा हिशोब जुळत नाही, त्याच्याच भरवशावर दुसऱ्या खोऱ्याला वचन देणे ही त्या दुसऱ्या खोऱ्याचीही फसवणूक आहे.

मोजणी खालून वर करावी लागेल. बांधीपासून सुरुवात, तिथून शेतचारी, वितरिका, आणि सर्वांत शेवटी धरण. प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत जमिनीचा पोत, धानाचा वाण हलका की भारी, तलाव व बोड्यांची आजची साठवण, आणि मागच्या दहा वर्षांत रोवणीच्या व निसवण्याच्या काळात किती वेळा पाणी अपुरे पडले, एवढी नोंद झाली तरी खोऱ्याच्या गरजेचे पहिले विश्वासार्ह चित्र तयार होईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. शेतकऱ्यांच्या संस्थांना पाणी मोजून देण्याचे तत्त्व २००५ च्या कायद्याने मान्य केलेलेच आहे, आणि त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही स्थापन झाले. मालगुजारी तलाव या हिशोबात ओझे म्हणून न धरता साठवण म्हणून धरले, आणि पुराचे पाणी कालव्यातून ऑगस्टमध्येच त्यांत भरून ठेवले, तर ऑक्टोबरची पाळी शंभर किलोमीटरवरच्या धरणातून आणण्याऐवजी गावच्या तलावातून देता येईल; कालव्यातली गळतीही तेवढी वाचेल. पुराचे पाणी वापरायचेच आहे ना, तर त्याचा पहिला वापर हा आहे. त्यानंतर जे उरेल ते पश्चिमेकडे खुशाल न्यावे, आणि किती उरले ते दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना एकाच कागदावर दाखवावे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या कार्यकर्त्यांना यात सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आपापल्या भागातील एका लघुवितरिकेच्या टेलवरच्या शेवटच्या दहा बांध्यांत पाणी कोणत्या तारखेला आले, किती दिवस टिकले, आणि त्याच तारखांना हेडचे दार किती उघडे होते, याची रोज नोंद ठेवायची. तलावावर असतील त्यांनी पाळीवर खुणेचा बांबू रोवून साठ्याची उतरण टिपायची. अशा नोंदी चारही जिल्ह्यांतून जमल्या की त्या पाटबंधारे विभागाच्या पाळीपत्रकाशेजारी ठेवून नागपूरच्या कार्यालयात घेऊन जाता येतील.